मोजमाप आगारातून की थांब्यावरून?

सार्वजनिक सेवेचे मूल्यमापन कोणत्या मापाने करावे, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो धोरणाचा प्रश्न आहे. जे मोजले जाते त्याचीच काळजी वाहिली जाते, आणि जे मोजलेच जात नाही ते हळूहळू प्रशासनाच्या दृष्टीआड होते. पुण्याची बसवाहतूक हे याचे बोलके उदाहरण होय.

पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांच्या स्वतंत्र परिवहन उपक्रमांचे विलीनीकरण होऊन २००७ मध्ये पुणे महानगर परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. त्याची संचालन तूट या दोन महापालिका अनुक्रमे ६० व ४० टक्के या प्रमाणात सोसतात. साहजिकच महामंडळाची चर्चा निघते ती बहुधा तुटीच्या अंगाने. ताफ्यात गाड्या किती, त्यांपैकी रस्त्यावर किती, प्रतिकिलोमीटर उत्पन्न किती, भारमान किती, वाटेत बंद पडलेल्या गाड्या किती, असे हे आकडे असतात. ते निरुपयोगी मुळीच नाहीत. कोणत्याही उपक्रमाला आपला जमाखर्च ठेवावाच लागतो. परंतु हे सारे मोजमाप आगाराच्या फाटकात उभे राहून केलेले आहे. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाचा त्यात कोठेही पत्ता नाही.

हा भेद शाब्दिक नाही, हे साध्या अंकगणितानेही दाखविता येते. एखाद्या मार्गावर दर १० मिनिटांनी गाडी सुटते असे मानू. गाड्या नेमाने आल्या तर प्रवाशाला सरासरी ५ मिनिटे थांबावे लागेल. आता वाहतुकीच्या कोंडीमुळे त्याच गाड्या आळीपाळीने १८ व २ मिनिटांच्या अंतराने येऊ लागल्या, तर सरासरी प्रतीक्षा ८ मिनिटांच्या वर जाते. फेऱ्या तितक्याच, किलोमीटर तितकेच, इंधनही जवळजवळ तितकेच. वाढते ती केवळ प्रवाशाची तिष्ठत राहण्याची शिक्षा. गर्दीचेही तसेच आहे. या २० मिनिटांत ६० प्रवासी थांब्यावर आले, तर ५४ जण उशिरा आलेल्या पहिल्या गाडीत कोंबले जातील आणि पाठोपाठच्या गाडीत अवघे ६ बसतील. गाडी ४० आसनांची असेल तर दप्तरी नोंद होईल ती ७५ टक्के भारमानाची, म्हणजे सर्वांना जागा मिळून वर थोडी उरल्याची! प्रत्यक्षात दहांपैकी नऊ प्रवाशांनी अनुभवली ती खच्चून भरलेली गाडी. सरासरी गाड्यांची काढली जाते, यातना मात्र माणसांच्या असतात.

चुकीचे माप केवळ सत्य झाकते असे नाही. ते वर्तनही बिघडविते. कोणत्याही सांख्यिकीय निदर्शकावर नियंत्रणाचा भार टाकला की त्याची विश्वासार्हता ढासळते, हे चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात दाखवून दिले. परिवहनालाही ते तंतोतंत लागू पडते. प्रतिकिलोमीटर उत्पन्न वाढविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे तोट्याचे मार्ग बंद करणे व उशिराच्या फेऱ्या कमी करणे. आकडा सुधारतो, पण रात्रपाळी संपवून घरी निघालेली परिचारिका आणि शहराच्या कडेला राहणारा विद्यार्थी यांची सोय संपते. भाड्याने घेतलेल्या गाड्यांचा मोबदला मुख्यतः धावलेल्या किलोमीटरवर दिला, तर ठेकेदाराचे लक्ष किलोमीटरवरच राहणार, दोन गाड्यांमधील अंतरावर नव्हे.

आणखी एक वर्ग या हिशेबातून कायमचा निसटतो. बसची वाट पाहून कंटाळलेला कारकून अखेर हप्त्याने दुचाकी घेतो. त्या दिवसापासून तो प्रवासीसंख्येतही नसतो आणि तक्रारवहीतही नसतो. त्याच्या पेट्रोलचा खर्च, त्याने रस्त्यावर व्यापलेली जागा आणि त्याच्या दुचाकीमुळे अडखळणारी बस, यांपैकी काहीही महामंडळाच्या ताळेबंदात उमटत नाही. तूट कागदावर आटोक्यात दिसते. ती शहरभर वाटली गेलेली असते एवढेच.

योग्य मापे ठाऊक नाहीत, अशी सबब मात्र पुढे करता येणार नाही. वाहने नव्हे, माणसे हलविणे हे उद्दिष्ट राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ मध्येच मांडले. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००९ मध्ये सेवेचे मापदंडही ठरवून दिले. सरासरी प्रतीक्षा ४ मिनिटांपर्यंत असेल तर पहिली श्रेणी. १० मिनिटांहून अधिक असेल तर शेवटची. दर हजार लोकसंख्येमागे ०.६ वा अधिक बसगाड्या ही याच मापदंडांतील पहिली श्रेणी. २०११ च्या जनगणनेत दोन्ही शहरांची लोकसंख्या सुमारे साडेअठ्ठेचाळीस लाख होती. त्या हिशेबानेच सुमारे २,९०० गाड्या लागत होत्या. त्यानंतर पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे आली, आणि २०२१ ची जनगणना तर लांबणीवरच पडली. भागाकारातील छेदच जुना असेल तर उत्तर समाधानकारक दिसणारच.

लंडनमध्ये वारंवार गाड्या असलेल्या मार्गांवर ‘अतिरिक्त प्रतीक्षाकाल’ मोजतात. म्हणजे वेळापत्रकानुसार थांबावे लागले असते त्याहून प्रवाशाला किती अधिक थांबावे लागले, ते पाहतात. तेथील बसचालक कंपन्यांचा मोबदलाही या मापाशी निगडित असतो. पुण्यात हे अशक्य नाही. गाड्यांचा ठावठिकाणा उपग्रहाच्या साह्याने कळतो, तिकिटे यंत्रावर निघतात. मार्गवार प्रतीक्षा, गाड्यांमधील अंतर आणि दाटी यांचा हिशेब दरमहा प्रसिद्ध करण्यास नवा निधी नव्हे, तर इच्छा लागेल. मार्च २०२२ पासून सुरू झालेल्या मेट्रोलाही हेच माप लावणे इष्ट ठरेल. स्थानकांची संख्या व मार्गिकेची लांबी यांपेक्षा घराच्या दारापासून कामाच्या जागेपर्यंत लागणारा एकूण वेळ महत्त्वाचा आहे.

१ जून २०२५ पासून बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. वाढत्या खर्चापुढे भाडेवाढ अटळ असेलही. परंतु अधिक किंमत मोजणाऱ्याला त्या मोबदल्यात काय मिळाले, हे विचारण्याचा अधिकार आहे. आणि त्याचे उत्तर प्रतिकिलोमीटर उत्पन्नाच्या भाषेत देऊन भागणार नाही. ते मिनिटांच्या भाषेतच द्यावे लागेल. कारण ज्याच्याजवळ पैसा थोडा, त्याच्याजवळ वेळही थोडाच असतो. आणि सार्वजनिक सेवेने त्याचा वेळ फुकट समजणे हा सर्वांत अन्यायी कर होय.