खारे वारे उशिरा आले की

समुद्राकडे तोंड असलेल्या घरात पश्चिमेच्या खिडकीचा पडदा दुपारी आत फुगतो आणि पहाटे बाहेर ओढला जातो. मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात या दोन वाऱ्यांची नावे आहेत. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. परीक्षेपुरते आपण ते पाठ करतो आणि विसरतो. पण किनाऱ्यावरच्या घराचा उन्हाळा सुसह्य होणार की नाही, हे बरेचसे या खाऱ्या वाऱ्यावरच अवलंबून असते.

कारण साधे आहे. ऊन दोघांवर सारखेच पडते, पण जमीन लवकर तापते आणि पाणी सावकाश. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो कोरडी वाळू सुमारे पाच अंशांनी तापते. शिवाय जमिनीत ऊन खोल जात नाही. हातभर खणले की दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ संपतो. पाण्यात मात्र ऊन खोलवर शिरते, लाटा ते पाणी घुसळतात आणि बरीच उष्णता वाफ होण्यात खर्ची पडते. म्हणून दुपारी वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही, पण पाण्यात उतरले की बरे वाटते.

तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते. तिथला दाब कमी होतो आणि ती जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. रात्री उलटे होते. जमीन भराभर निवते, समुद्र मात्र ऊब धरून राहतो, आणि वारा फिरतो. रात्री दोघांतला फरक कमी असल्याने मतलई वारा मंद असतो. इंजिने येण्यापूर्वी शिडाच्या होड्या याच मतलईवर पहाटे बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर परत येत. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा मोठा वारा या दोघांना झाकून टाकतो. त्यांचा खेळ स्पष्ट दिसतो तो हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात.

मुलांना हे घरीच दाखवता येईल. एका थाळीत कोरडी वाळू आणि दुसऱ्या थाळीत तेवढेच पाणी घेऊन दोन्ही तासभर उन्हात ठेवा, मग हात लावून पाहायला सांगा. पुस्तकातली चार पाने त्यांना एका स्पर्शात कळतील.

आता मुद्द्याची गोष्ट. मुंबईत मार्चमध्ये कमाल तापमान सरासरी ३३ अंशांच्या आसपास असते. तरीही २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंशांची नोंद झाली. असे कसे होते? एरवी दुपारच्या सुमारास खारा वारा आत येतो आणि पारा चढायचा थांबतो. पण काही दिवस जमिनीवरून, पूर्वेकडून कोरडा गरम वारा जोरात वाहतो आणि समुद्राच्या वाऱ्याला अडवून धरतो. खारा वारा दोन-तीन तास जरी उशिरा आला, तरी तेवढ्या वेळात तापमान कितीतरी वर जाते.

म्हणूनच हवामान खात्याचे मोजमापही वेगळे आहे. मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार होतो, तर किनाऱ्यावर पारा ३७ अंशांवर पोहोचून नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असला, तरी ती लाट मानली जाते. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. विदर्भातले नातेवाईक आपल्या ३७ अंशांना हसतात, पण त्यांनी हसू नये!

अशा दिवशी काय करावे? सकाळी पूर्वेकडून गरम झळा येत असतील, तर त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या. समुद्राचा वारा सुटला की पश्चिमेच्या खिडक्या उघडा आणि समोरच्या बाजूचीही एखादी उघडा. हवेला बाहेर पडायला वाट नसेल, तर ती आत येणार कुठून? बाहेरची कामे सकाळी लवकर किंवा वारा आल्यावर करा. गेल्या काही वर्षांत रमजान मार्चच्या सुमारास आला. रोजा ठेवून भर दुपारी चुलीसमोर उभ्या राहणाऱ्या बायकांची आठवण घरातल्या पुरुषांनी ठेवावी. तळण-शिजवण उन्हे कलल्यावर करावे आणि त्यात चार हात लागावेत.

घरातले वडीलधारे किंवा लहान मूल अशा दिवशी असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, शुद्ध हरपली, तर वाट पाहू नका. त्यांना सावलीत न्या, अंग ओल्या कापडाने पुसत राहा, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

मार्च-एप्रिलमध्ये दुपारी बाराच्या सुमारास पडद्याकडे एकदा पाहायची सवय लावा. तो हलत नसेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाणी विचारा.