सरावपाठाच्या आधी

डी.एल.एड.चे छात्राध्यापक यंदाही आंतरवासितेला जातील. पहिलीच्या वर्गावर गणिताचा सरावपाठ घेतील. मागे बसलेले निरीक्षक प्रस्तावना, फलकलेखन, आवाज, साधनांचा वापर असे रकाने भरतील. पाठ चालू असताना तिसऱ्या रांगेतली मुलगी बोटांवर काय मोजत होती, हे मात्र कुणीच टिपणार नाही. छात्राध्यापकालाही ते दिसणार नाही, कारण त्याचे सगळे लक्ष टाचणातली पुढची पायरी आठवण्यात असते.

म्हणून अड्यारची आठवण काढावीशी वाटते. थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल यांच्या निमंत्रणावरून मारिया माँटेसरी 1939च्या अखेरीस मद्रासला आल्या आणि सोसायटीच्या अड्यारच्या आवारात त्यांचा भारतातला पहिला प्रशिक्षणवर्ग भरला. देशभरातून सुमारे तीनशे जण आले होते. बाई इटालियनमधून बोलत आणि मुलगा मारिओ त्याचे इंग्रजी करून सांगे.

माँटेसरी पद्धतीत शिक्षकाने साधने आधी स्वतः हाताळायची आणि मग मूल ती कशी हाताळते ते बघत बसायचे, हा प्रशिक्षणाचा गाभा. चात्यांची पेटी घ्या. शून्य ते नऊ असे दहा कप्पे आणि मोजून 45 चात्या. मुलाने पाचच्या कप्प्यात सहा टाकल्या, तर नवापाशी एक कमी पडते. मूल थबकते, मागे जाते, पुन्हा मोजते. शिक्षकाने तोंड उघडण्याची गरज नसते. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो, आणि शून्य म्हणजे काय हे त्या रिकाम्या जागेतून कळते. नव्या शिक्षकाला सर्वांत जड जाते ते हे गप्प बसणे. ‘अगं, चुकलीस!’ हे ओठांवर आलेले असते.

बघायचे काय, हे मात्र आधी ठाऊक हवे. एखादे मूल शंभरापर्यंत घडाघडा म्हणते, पण सात खडे मोजताना एका खड्यावर दोनदा बोट ठेवते. दुसरे सात खडे बिनचूक मोजते, पण ‘मग किती आहेत?’ असे विचारताच पुन्हा एकपासून सुरुवात करते. शेवटी उच्चारलेली संख्या म्हणजे सगळ्या खड्यांची संख्या, हे त्याला अजून उमगलेले नाही. दोघांची अडचण वेगळी, म्हणून उपायही वेगळा. भिंतीवरच्या अंकांच्या तक्त्याने दोघांचेही काम भागत नाही.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. सत्तावीस म्हणताना सात आधी येतो, लिहिताना दोन. अड्यारच्या तमिळ मुलाला हा त्रास नाही, त्याच्या भाषेत वीस आधी आणि सात नंतर. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशा धर्तीची वाचनपद्धत आली, तेव्हा गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर आणि त्यांच्या समितीची यथेच्छ टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांपैकी किती जणांनी 27 ऐवजी 72 लिहिणाऱ्या मुलाशेजारी तासभर बसून पाहिले होते, कोण जाणे.

‘माँटेसरीची साधने महाग, आमची शाळा जिल्हा परिषदेची’ हे उत्तर आम्हाला पाठ आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शिंपले, बिया, खडे यांवर बालशिक्षण उभे केले. ते उदाहरण समोर असताना ही सबब चालू नये.

अध्यापक विद्यालयांना आमची सूचना साधी आहे. आंतरवासितेच्या पहिल्या पंधरवड्यात गणिताचा एकही सरावपाठ ठेवू नका. प्रत्येक छात्राध्यापकाला दोन मुले नेमून द्या. मूल काय म्हणाले, हात कुठे गेला, कुठे अडले, एवढेच त्याने रोज टिपावे. ‘हुशार’, ‘लक्ष नाही’ असले शेरे खोडायला लावा. नंतरच्या पहिल्या पाठाचे टाचण या टिपणांवरून लिहिलेले असावे आणि गुण देताना निरीक्षकांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचाव्यात. अशी टिपणे मुलांची नावे वगळून आमच्याकडे पाठवा. त्यांच्यासाठी पुढच्या अंकापासून चार पाने राखून ठेवली आहेत.