सेटिंग समजणारा तंत्रज्ञ हवा

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१मध्ये, ‘एम्स’चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी एक सीटी स्कॅन म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे, असे सांगितले. रेडिओलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने ते खोडले. कमी मात्रेच्या आधुनिक स्कॅनमध्ये ही तुलना ५ ते १० एक्स-रेंशीच होते, असे तिचे म्हणणे. एवढे अंतर पडू शकते, कारण किरणांची मात्रा यंत्राइतकीच सेटिंगवरही ठरते. बाकी सारे तसेच ठेवून ट्यूबचा करंट दुप्पट केला, की मात्राही दुप्पट होते. व्होल्टेज वाढवले, तर ती त्याहून वेगाने चढते.

भिवंडीत यंत्रमागाच्या धुळीत राबणाऱ्या कामगाराला डॉक्टरांनी गरजेचा ठरवलेला स्कॅन मिळालाच पाहिजे. पण लहान मुलाला मोठ्यांची सेटिंग लावणे अक्षम्य आहे. सीटी चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. मात्र परवाना यंत्राला मिळतो, समज माणसाला द्यावी लागते. शहरातील प्रत्येक केंद्राने तंत्रज्ञांना दरवर्षी प्रशिक्षण द्यावे आणि प्रत्येक अहवालावर किरणमात्रा छापावी. आरोग्य विभागाने ते तपासावे. रुग्णाचा तो हक्कच आहे.