दिवसांच्या वहीतले नागरिकत्व

ठाण्याच्या नौपाड्यातील एका जुन्या स्नेह्यांच्या घरी परवा जाणे झाले. त्यांची सून आणि नातू कॅनडात टोरांटोजवळ राहतात, मुलगा दुबईत नोकरी करतो आणि वहिनी ठाण्यात एकट्या असतात. स्नेही आता नाहीत. बोलता बोलता वहिनींनी सुनेच्या एका वहीविषयी सांगितले. त्या वहीत जमाखर्च नाही, दिवस लिहिलेले आहेत. कॅनडाच्या भूमीवर ती प्रत्यक्ष किती दिवस होती, कोणत्या तारखेस बाहेर पडली, कोणत्या तारखेस परतली, याचा तो हिशेब. लक्ष्य आहे पाच वर्षांत १,०९५ दिवसांचे. तेवढे भरले की तिला नागरिकत्वासाठी अर्ज करता येईल.

मुलाचे दिवस मागेच भरले. तो कॅनडाचा नागरिक झाला आणि वर्षभरात दुबईस गेला. सुनेचे दिवस भरले नाहीत, कारण सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात तिची दीड वर्षे ठाण्यात गेली. पाच वर्षांची ही चौकट अर्जाच्या दिवसापासून मागे मोजली जाते. चौकट पुढे सरकते तसे जुने दिवस गळून पडतात. ज्या सुनेने आपले कर्तव्य केले तीच हिशेबात मागे राहिली, आणि आता ते दिवस भरून काढण्यासाठी पतीपासून दूर, एका मुलाला घेऊन परक्या थंडीत राहते आहे. वहिनींचा प्रश्न साधा होता. “कायद्याने ह्यांना असे वेगळे का ठेवले आहे?”

घरी येऊन मी कायदा पाहिला, आणि उत्तर अपेक्षेपेक्षा निराळे निघाले. कायद्याने त्यांना वेगळे ठेवलेले नाही.

कॅनडाची कायम निवासाची अनुमती, ज्याला आपली मुले सरसकट ‘पीआर’ म्हणतात, ती टिकविण्यास पाच वर्षांत ७३० दिवस पुरतात. त्यातही एक सवलत आहे. पती किंवा पत्नी त्या देशाचा नागरिक असेल आणि आपण परदेशात त्याच्यासमवेत राहत असू, तर ते दिवसही या ७३० मध्ये धरले जातात. कोण कोणाच्या सोबत गेले, नागरिक पुढे आणि निवासी मागे की उलट, हा मुद्दा तेथील अपिलांत उपस्थित झालेला आहे. सहधर्मचारिणी हा शब्द जन्माला घालणाऱ्या समाजाला या वादाचे हसू येईल; पण नियमाचे मर्म सरळ आहे, की पती-पत्नींनी एकत्र राहावे. म्हणजे ही सून उद्या दुबईला गेली आणि पतीबरोबर राहिली तरी तिची अनुमती सुरक्षित राहील. थांबेल ते फक्त नागरिकत्व. दुबईतला एकही दिवस त्या १,०९५ मध्ये धरला जाणार नाही.

तेव्हा दोघांमधला समुद्र कायद्याने आणलेला नाही, दुसऱ्या पासपोर्टच्या ओढीने आणला आहे. हे वहिनींना सांगणे सोपे नव्हते.

या ओढीला नुसते हावरेपण म्हणून झटकून टाकणे मात्र अन्यायाचे होईल. आखाती देशांत आपल्या लोकांनी हयात घालविली. तेथे पगारावर प्राप्तिकर नाही, पण मूळ धरण्यास मातीही नाही. वास्तव्य बहुतेकांचे नोकरीला बांधलेले. नोकरी गेली की व्हिसा गेला. अमिरातीने २०१९ पासून दहा वर्षांचा ‘गोल्डन व्हिसा’ देण्यास प्रारंभ केला, तोही निवडकांना, आणि तोही व्हिसाच, नागरिकत्व नव्हे. अशा माणसास वाटते, की मुलाच्या शिक्षणाला आणि उतारवयाला एखादा भक्कम देश पाठीशी असावा. पाश्चात्त्य पासपोर्ट असला की आखातात त्याच कामाला अधिक मोल मिळते, असाही दृढ समज आहे. म्हणून कॅनडात पाय रोवायचा आणि कमाईला वाळवंटात जायचे. बापाच्या जागी उभे राहून पाहिले तर हा विचार निंद्य नाही.

हा प्रकार नवाही नाही. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनच्या हाती जाणार म्हणून तेथील हजारो कुटुंबे आधीच व्हँकुव्हर-टोरांटोस गेली. बायकामुले तेथे ठेवून पुरुष हाँगकाँगला धंद्यासाठी परतले आणि विमानातून ये-जा करीत राहिले. चिनी भाषेत त्यांना ‘अंतराळवीर’ असे नाव पडले. त्या चिनी शब्दावर ‘घरी बायको नसलेला’ असा श्लेष होतो म्हणे. परंतु हाँगकाँगच्या माणसास साम्यवादी राजवटीचे भय होते. ठाण्याच्या माणसामागे कोणती राजवट लागली आहे?

दिवस भरण्याच्या या धडपडीत काहींचे पाऊल घसरलेही आहे. २०१२ मध्ये कॅनडाच्या सरकारने निवासाच्या फसवणुकीच्या संशयावरून सुमारे ११,००० जणांची चौकशी चालू असल्याचे जाहीर केले आणि ३,१०० जणांचे नागरिकत्व काढून घेण्याची प्रक्रिया आरंभिली. शंभराहून अधिक देशांतून आलेले हे लोक होते. प्रत्यक्ष राहायचे नाही आणि सल्लागारास पैसे देऊन तेथे राहत असल्याचे पुरावे उभे करायचे, अशी ती लबाडी. नौपाड्याची सून प्रामाणिकपणे दिवस भरते आहे, हे तिच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. पण घर नक्की कोठे आहे, हा प्रश्न तिलाही सुटलेला नाही. तोच कॅनडा प्राप्तिकराची वेळ आली की पती वा पत्नी, अवलंबून असलेली मुले आणि राहते घर यांना निवासाचे मुख्य धागे मानतो. म्हणजे प्राप्तिकर खात्याच्या लेखी बायकामुले जेथे तेथे पुरुषाचे घर, आणि नागरिकत्व खात्याच्या लेखी ज्याची पावले जेथे तेथे तो. दोन्ही खाती आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक ज्याने घराचे तुकडे केले त्याची.

अमेरिकेचा कायदा याहून बोलका आहे. तेथे ग्रीन कार्डधारकास सामान्यतः पाच वर्षे, आणि नागरिकाच्या सोबत नांदणाऱ्या पती वा पत्नीस तीन वर्षे अखंड निवास दाखवावा लागतो. सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिल्यास निवास खंडित झाला असे गृहीत धरले जाते, आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर. परंतु याच कायद्यात एक कलम असे आहे, की नागरिक असलेला जोडीदार अमेरिकेच्या सरकारसाठी, अमेरिकेचा परदेशी व्यापार वाढविणाऱ्या अमेरिकन कंपनीसाठी किंवा मान्य संशोधनसंस्थेसाठी परदेशी नेमला गेला असेल, तर त्याच्या पत्नीस निवासाची ही मुदत पूर्ण करण्याचे बंधनच नाही. पतीसोबत परदेशी राहण्याचा आणि काम संपल्यावर अमेरिकेस परतण्याचा तिचा इरादा असला म्हणजे झाले. कॅनडातही पती तेथील सैन्यात वा सरकारी सेवेत असून परदेशी असेल, तर त्याच्यासमवेत काढलेले दिवस पत्नीच्या नागरिकत्वाच्या हिशेबात धरतात.

हे वाचून मला त्या देशांचा राग आला नाही, आदरच वाटला. जो आमचे काम करण्यास बाहेर गेला त्याचे कुटुंब आम्ही तुटू देणार नाही, आणि जो स्वतःच्या कमाईस गेला त्याने आपला हिशेब आपण पाहावा, ही भूमिका राष्ट्राला शोभणारी आहे. नागरिकत्व हा त्यांच्या दृष्टीने राष्ट्र आणि व्यक्ती यांच्यातील व्यवहार नसून नाते आहे. ते विम्याच्या पॉलिसीसारखे घेऊन ठेवण्याची वस्तू आहे, असे आपल्याच लोकांना वाटू लागले आहे.

आपला कायदाही नात्याचीच भाषा बोलतो. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदाने आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने भारतीय नागरिकत्व संपते. कॅनडा ‘भारत सोडा’ असे म्हणत नाही. दोन दगडांवर पाय नको असे भारत म्हणतो. अटलजींच्या काळात, २००३ च्या पहिल्या प्रवासी भारतीय दिवसापासून दुहेरी नागरिकत्वाची चर्चा झाली आणि डिसेंबर २००५ मध्ये ओसीआय योजना आली. तिच्या नावात ‘नागरिक’ हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. आजन्म ये-जा करता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वहिनींच्या मुलाची कोकणात वडिलोपार्जित आंब्याची बाग आहे. वारसाने ती त्याच्याकडे राहील. शेजारची चार गुंठे विकत घेऊन तिला जोडण्याचा वडिलांचा मनोदय मात्र आता त्याच्या नावाने पुरा होणे नाही. विमानतळावर या घराच्या रांगाही दोन झाल्या आहेत, सून भारतीयांच्या रांगेत आणि मुलगा परदेशीयांच्या.

२०११ मध्ये १,२२,८१९ भारतीयांनी आपले नागरिकत्व सोडले. २०२२ मध्ये हा आकडा २,२५,६२० झाला. या आकड्यांवर अश्रू ढाळणारे लेख पुष्कळ येतात. मला त्यात आपल्याच घरातला दोष दिसतो. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २०१४ साली वा ह्यूस्टनमध्ये २०१९ साली जमलेल्या अनिवासी बांधवांचे आपण मनापासून कौतुक केले, आणि ते योग्यच होते. ती माणसे तेथे एकत्र कुटुंबाने नांदतात, बालगोकुलममध्ये मुलांना घेऊन जातात, त्या देशाचेही भले करतात. सर्वस्वी जाणे हा एक निर्णय आहे आणि परत येणे हा दुसरा. दोन्हींत सचोटी आहे. पण ‘मुलाला पीआर मिळाली’ हे आपण शाखेतल्या, भिशीतल्या, लग्नातल्या गप्पांत पदवीसारखे सांगतो, आणि ती टिकविण्यासाठी सून कोठे, मुलगा कोठे, हे विचारीत नाही. कुटुंबप्रबोधनाच्या बैठकीत एकत्र भोजन आणि भजन यांवर बोलतो. एकत्र राहण्याविषयी मात्र तेथे कोणी बोलत नाही.

वहिनींना मी एवढेच सांगितले, की सुनेने दुबईस जायचे ठरविल्यास तिची अनुमती जाणार नाही, आणि मुलाने इकडे येण्याचे ठरविल्यास त्याला कोणी अडविणार नाही. जे काय व्हायचे ते दोघांनी बसून ठरवावे. त्यांनी ऐकून घेतले. मग नातवाच्या मुंजीचा विषय निघाला. एप्रिलमध्ये ठाण्यातच करायची ठरली आहे. मुलगा चार दिवस येणार आहे, सून पंधरा. ते पंधरा दिवस तिने वहीतून आधीच वजा केले आहेत.