ज्याचे जळते, त्यालाच आधी कळते

मोकळ्या मनाचे कौतुक सगळेच करतात आणि आपले मन मोकळे आहे याविषयी कुणालाच शंका नसते. दुसऱ्याची अंधश्रद्धा, विरोधी पक्षाचा दुराग्रह, मागच्या पिढीचे सोवळे-ओवळे आपल्याला लांबूनही स्पष्ट दिसते. ज्या समजुतीची लाज वाटू लागते, ती माणूस कधी ना कधी टाकतोच. ज्या समजुतीचा अभिमान वाटतो, ती तपासून पाहावी असे मात्र त्याच्या मनातही येत नाही. एकजूट, भक्ती, परंपरा, पर्यावरण अशा चांगल्या नावांखाली ती सुखरूप नांदते. म्हणून स्वतःचे विचार तपासायचे असतील तर सुरुवात आपल्या चुकांपासून न करता आपल्या चांगल्या बाजूपासून करावी, असे माझे म्हणणे आहे. ती कशी करावी, याचा धडा मुंबईच्या गिरणगावातल्या लालबाग-परळच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात मिळतो. आपल्या समजुतीची किंमत कोण मोजतो ते शोधायचे आणि त्याचे म्हणणे सर्वांत आधी ऐकायचे, एवढाच तो धडा आहे.

१९२८ सालचा मुंबईतील गिरण्यांचा संप जवळपास सहा महिने चालला. कामगार सारा एक, हा त्या संपाचा प्राण होता आणि त्याच काळात उभी राहिलेली लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन याच विचारावर वाढली. पण गिरणीच्या आत कामगार एक नव्हता. साचा खात्यात, म्हणजे जिथे माग चालत आणि पगार चांगला मिळे तिथे, अस्पृश्य कामगारांना जागा नव्हती. त्यांची भरती कमी पगाराच्या त्रासन, म्हणजे सूतकताईच्या, खात्यात होई. कारण असे, की नवी कांडी धोट्यात घातली की सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत. स्पृश्य साचेवाल्यांना हा विटाळ चालणार नव्हता. मालकाविरुद्ध खांद्याला खांदा लावणारे हात धोट्यापाशी येऊन थांबत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा परळच्या चाळीतच राहत होते. सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मान्य करा, नाहीतर आमच्या लोकांना संपात उतरू नका असे सांगेन, असे त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले. पुढाऱ्यांनी नाखुशीनेच ही मागणी आपल्या यादीत घातली. मालकांनी ती वाचून त्यांनाच टोला हाणला: हा अन्याय असेल, पण तो आम्ही केलेला नाही. टोला वर्मी लागणारा होता, कारण या एका बाबतीत तो खरा होता.

संपाचे पुढारी दुष्ट नव्हते की मागासलेले नव्हते. जगभरच्या कामगार चळवळीचे साहित्य वाचलेली, तुरुंगात जायला तयार असलेली माणसे होती ती. तरीही जी गोष्ट त्रासन खात्यातल्या कामगाराला रोज दिसत होती, ती त्यांना दिसली नाही. बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, तर त्या समजुतीपायी त्यांचे स्वतःचे काहीच जात नव्हते म्हणून. असाच दुसरा प्रसंग खाणावळींचा. कोकणातून, साताऱ्याकडून एकटे आलेले हजारो कामगार गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायांकडे जेवत आणि पगार झाला की महिन्याचे पैसे देत. संप झाला की पगार थांबे, पण भूक थांबत नसे. बाई वाण्याकडून उधारीवर आणि सावकाराकडून व्याजाने पैसे उचलून चूल पेटती ठेवी. संपाच्या खर्चाचा एक वाटा तिच्या पदरी पडे, पण कामगार म्हणून तिची मोजदाद कुठेच होत नसे. प्रेमाताई पुरव या मूळच्या चळवळीतल्या कार्यकर्त्या. हा हिशेब त्यांनी मांडला आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून या बायांसाठी बँकांच्या कर्जाचा मार्ग खुला केला. यंत्रावर उभा राहतो तोच कामगार, ही चळवळीची जुनी व्याख्या चळवळीतल्याच एका बाईने रुंद केली. त्यासाठी तिला चळवळ सोडावी लागली नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. शंका ही पोट भरलेल्यांची चैन आहे. ऐन लढाईत प्रश्न विचारणारा फूट पाडतो. कष्टकऱ्याकडे एकजुटीखेरीज दुसरे हत्यार नसते. १९८२ च्या संपाचा विचार करताना हे विसरता येत नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. त्यांच्या मागण्या रास्त होत्या, बदली कामगारांचे हाल खरे होते आणि १९४६ च्या कायद्याने एकाच युनियनला दिलेली मान्यता त्यांच्या गळ्यात अडकवलेली होती. गिरणगाव उद्ध्वस्त होण्याचा मुख्य दोष मालकांच्या आणि सरकारच्या माथी जातो, यात मला शंका नाही. पण गिरणी बंद राहिली की मालक गुडघे टेकणारच, हा जो भरवसा होता, त्याचे काय? तो जुन्या संपांतून आणि सामंतांनी इंजिनिअरिंग कारखान्यांत मिळवलेल्या यशातून आला होता. दरम्यान कापडाचा धंदा बदलला होता. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग चालू होते, गिरण्या थंड पडल्या तरी बाजारात कापड येत होते आणि जुनाट यंत्रे असलेल्या कित्येक मालकांना गिरणी बंद राहण्याची फारशी भीती उरली नव्हती. सरणाऱ्या प्रत्येक महिन्याबरोबर हे घराघरांत कळत होते. दागिना मोडणाऱ्या, पोरांना गावी धाडणाऱ्या बाईला ते सभेतल्या वक्त्याच्या आधी कळले असणार. तिचे म्हणणे ऐकण्याची जागा संपाच्या रचनेत नव्हती. हा संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही, यातच बरेच काही आले. एकजूट टिकवायची तर शंकेला आत जागा हवी. ती मिळाली नाही की शंका मुकाट्याने गावची गाडी पकडते. १९२८ मध्ये आंबेडकरांचा कडवा प्रश्न कसाबसा का होईना यादीत घेतला गेला. पुढे दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात आंबेडकर आणि कम्युनिस्ट एका बाजूला उभे होते. प्रश्न विचारल्याने फूट पडते, असे सरसकट म्हणता येणार नाही, ते यासाठी.

आजच्या लालबागची ओळख गिरण्यांवरून गणपतींवर आली आहे, आणि येथे दुसरा आक्षेप पुढे येतो: श्रद्धेला प्रश्न विचारू नयेत. पण ही श्रद्धा ज्या रूपात आपल्यापुढे आहे, ते रूप प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी बदललेलेच आहे. गणेश गल्लीचा उत्सव १९२८ चा, लालबागचा राजा १९३४ चा. बाजारासाठी कायमची जागा मिळावी म्हणून कोळी बांधवांनी आणि विक्रेत्यांनी केलेल्या नवसातून तो सुरू झाला. डोळे दिपवणाऱ्या उंच मूर्ती तर त्यानंतर कित्येक वर्षांनी आल्या. २०२० च्या साथीत लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्तीच न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घडवले. इतक्या वर्षांच्या परंपरेत खंड पडला म्हणून कुणाची श्रद्धा कमी झाली नाही. पुढे रांगा पूर्वीइतक्याच लागल्या. मग प्लास्टर ऑफ पॅरिसचा, आवाजाचा किंवा उंचीचा प्रश्न काढला की धर्मावर घाला आला, असे का वाटावे? या उत्साहाची किंमत मोजणारे ठरलेले आहेत: विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चौपाटीवर भग्न अवशेष गोळा करणारे सफाई कामगार, किनाऱ्यालगत जाळे टाकणारे कोळी, मंडपाशेजारच्या चाळीतले आजारी म्हातारे.

मात्र हीच कसोटी पर्यावरणवाद्यालाही लावली पाहिजे. प्लास्टर ऑफ पॅरिसवर (पीओपी) सरसकट बंदीचा आग्रह धरणाऱ्याने परळच्या कार्यशाळेतल्या आणि पेणच्या मूर्तिकाराला विचारले होते का? शाडूची मूर्ती जड, सुकायला वेळ घेणारी, नेताना तडकणारी. वर्षभराची कमाई त्याची अडकलेली. मुंबई उच्च न्यायालयात २०२५ मध्ये या वादावर जो तोडगा निघाला, त्यात पीओपीच्या मूर्ती घडवायला मुभा मिळाली आणि सहा फुटांपर्यंतच्या अशा मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावातच करण्याचे बंधन आले. हा तोडगा अपुरा आहे, असे कुणी म्हणेल. तरीही पोट आणि पाणी, दोन्हींचा हिशेब त्यात धरला गेला आहे.

उरतो तो शेवटचा आक्षेप: प्रत्येकाचे ऐकत बसलो तर माणूस वाऱ्यावरच्या पाचोळ्यासारखा भरकटेल. ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे. किंमत मोजणाऱ्याचा अनुभव हा पुरावा असतो, तो निकाल नसतो. तो बाकीच्या पुराव्यांशी ताडून पाहायचा आणि मगच ठरवायचे. ठरल्यावर ठाम राहायलाही हरकत नाही, कारण तो ठामपणा तपासून आलेला असतो. लालबागच्या जुन्या चाळींत आज पुनर्विकासाच्या सभा होतात. टॉवर म्हणजे प्रगती, ही नवी समजूत तिथे सर्वांनाच प्रिय आहे. त्या सभांनी, मंडळांच्या वार्षिक बैठकांनी आणि कामगार संघटनांनीही एक नियम पाळून पाहावा: ठराव मताला टाकण्यापूर्वी त्याचा भार ज्याच्यावर सर्वांत जास्त पडणार आहे, त्याला पहिल्यांदा बोलू द्यावे, मग तो देखभालखर्चाला घाबरणारा पेन्शनर असो की भाड्याने राहणारी मोलकरीण. सभा अर्धा तास लांबेल. त्या अर्ध्या तासाला कंटाळून घेतलेले निर्णय या वस्तीला पिढ्यान् पिढ्या महाग पडले आहेत.