घर सोडा म्हणणाऱ्यांस

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर येऊन थांबले. ते उतरून गाळ वाळतो न वाळतो, तोच त्याच जिन्याने सल्ले वर चढू लागले. मेहुणे आले, पुण्याहून धाकटा भाऊ आला, मुलाचे मित्र आले. सर्वांचे म्हणणे एकच : हे घर आता सोडा. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले, या खेपेस नवव्या पायरीपर्यंत. तेव्हापासून तर मी हट्टी म्हातारा ठरलो आहे. दुरुस्ती करून राहावे की विकून उठावे, हा प्रश्न माझा खाजगी आहे, हे मला कबूल आहे. पण ज्या युक्तिवादांनी मला उठवण्याचा यत्न चालला आहे, ते युक्तिवाद खाजगी नाहीत. नदीकाठच्या प्रत्येक घराला हल्ली तेच ऐकवले जातात. म्हणून हा प्रपंच.

पहिला युक्तिवाद असा, की तुमच्या पूर्वजांनी नदीच्या तोंडात घर बांधले, ही चूक त्यांची. कोल्हापूर ज्याने पायी पाहिले आहे, तो असे बोलणार नाही. पंचगंगेच्या घाटाशेजारची ब्रह्मपुरीची टेकडी १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षित यांनी खणली, तेव्हा तिथे सातवाहनकाळातली विटांची घरे निघाली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही नदी हवी होती, पण राहायला त्याने उंचवटा धरला. जुन्या पेठा वाढल्या त्याही पुष्कळशा याच शहाणपणाने. आता उलट पाहा. २०१९ साली पाणी कुठे कुठे गेले? नागाळा पार्कात गेले, रमणमळ्यात गेले. जयंती नाल्याने ते उलटे आत शिरले आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, गणपती महिन्याच्या आत आले असताना, तयार मूर्ती भिजवून गेले. मळे होते तिथे बंगले झाले. पाण्याला पसरायला जी जागा होती ती भराव टाकून उंच केली, आणि उंच केलेल्या जागेवरचे पाणी शेजाऱ्याच्या घरी पाठवले. भराव टाकणाऱ्याला कोणी उठ म्हणत नाही. त्याच्या इमारतीच्या जाहिरातीत 'नदीचे विहंगम दृश्य' असे छापतात!

मी आभाळाचा वाटा नाकारीत नाही. २०१९ च्या पुराची चौकशी करणाऱ्या वडनेरे समितीने २०२० साली अहवाल दिला. आमच्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा सारा दोष अलमट्टीच्या धरणावर टाकण्याची चाल आहे. समितीने तो तसा टाकला नाही. अतिवृष्टीकडे आणि नदीकाठच्या अडथळ्यांकडे बोट दाखवले. दूरच्या धरणाला शिव्या देणे सोपे असते, कारण ते आपल्या ओळखीच्या माणसाने बांधलेले नसते.

दुसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा. चौथ्या मजल्यावर पूर येत नाही म्हणतात. खरे आहे, पण २०१९ साली पाणीउपशाची केंद्रेच बुडाली आणि साऱ्या शहराचे नळ कोरडे पडले. चौथ्या मजल्यावरचे माझे मेहुणे घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभे होते. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता, आणि पेट्रोलसाठी भांडणे जुंपली होती. शहर बुडते तेव्हा एकट्याचे घर कोरडे राहून भागत नाही. मेहुण्यांना मी हे ऐकवले, तेव्हा ते म्हणाले, "दाजी, घागर भरायला मी जिना उतरलो ; तुम्ही होडीत उतरला होता." उत्तर चांगले होते, म्हणून ते येथे लिहून ठेवतो.

पंचगंगेचा पूर डोंगरी ओढ्यासारखा रात्रीत झडप घालणारा नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असते. पाणी चढते ते सांगून, पुष्कळदा दिवसदिवस घेऊन. २०१९ मध्ये ते ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ मध्ये ५६ च्या घरात. त्याची खरी खोड वेगळीच. ते लवकर उतरत नाही. नदीला उतार थोडा, आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णा तुंबलेली असली की पंचगंगेने जायचे कुठे? ती आमच्या माजघरात मुक्काम करते. मातीची भिंत एक रात्र भिजली तर तगते, आठवडाभर भिजली तर बसते. आमची परड्याकडची भिंत अशीच, कोणाला न सांगता, दुपारी बसली. तिच्याखाली कोणी नव्हते, हे नशीब. सोडा म्हणणाऱ्यांचा हा एकच मुद्दा असा आहे, की ज्यापुढे मी गप्प बसतो.

पण गप्प बसून मी वाडीचा विचार करतो. नृसिंहवाडीच्या दत्ताच्या देवळात दर पावसाळ्यात पाणी शिरते. पादुकांवरून वाहून दक्षिणद्वाराने ते बाहेर पडते, तेव्हा लोक त्या धारेत स्नानाला गर्दी करतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती उचलून वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. ओसरले की परत आणतात. देऊळ हलवा असे कोणी म्हणत नाही. श्रद्धेची गोष्ट बाजूला ठेवा, मला त्यात गवंडीकाम दिसते. पाण्याला आत यायला वाट आहे, बाहेर जायला वाट आहे, आणि देवाला वर जायला जागा ठरलेली आहे. आमच्या घरांत आम्ही नेमके उलटे केले. खालचा सोपा बंद करून तिथे फर्निचर भरले, शीतकपाट ठेवले, विजेची बटणे कमरेएवढ्या उंचीवर बसवली, आणि आजोबांच्या काळी जिथे धान्याची पोती असत ती माडी पाहुण्यांसाठी रिकामी ठेवली. पूर वाढला हे खरेच, पण पुराशी वागण्याची आमची रीतही बिघडली.

तर मग चिखलीचे काय, असे कोणी विचारील. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही करवीर तालुक्यातली गावे. १९८९ च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला जागा दिली. इतकी वर्षे होऊन गेली, तरी गाव सगळे हलले नाही. दर पुरात त्यांना बाहेर काढायची वेळ येते आणि दर पुरात वर्तमानपत्रे त्यांना समजूत घालतात. सोनतळीची जागा कोरडी आहे यात शंका नाही. पण ऊस काळ्या रानात, म्हैस गोठ्यात, दूध पहाटे काढायचे. तिथला एक शेतकरी मला म्हणाला, "प्लॉट दिला, लई चांगलं केलं. पण माझी म्हस प्लॉटवर काय खाती, ते कोन सांगनार?" पुनर्वसन म्हणजे भूखंडाचा कागद, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी या म्हशीला उत्तर द्यावे. आणि तरीही सांगतो, चिखलीत माझे घर असते तर मी दुसरे घर सोनतळीला बांधले असते. जिथे चारी बाजूंनी पाणी वेढते आणि होडीखेरीज वाट उरत नाही, तिथे म्हातारी माणसे आणि लेकरे अडकवून ठेवणे याला मी वतनप्रेम म्हणणार नाही. पाणी चढू लागताच जनावरांसह सोनतळी गाठणारे लोक मला दोन्ही पक्षांच्या वकिलांपेक्षा शहाणे वाटतात.

माझ्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायचे आहे. जुन्या वाड्यांवर गहिवरून लिहिणारे बहुतेक लेखक सिमेंटच्या घरात राहतात. तुळशीवृंदावन, झोपाळा, सारवलेली जमीन! या गहिवरात गाळ कोण काढतो याचा उल्लेख नसतो. मी हा लेख वाचून दाखवला तेव्हा आमच्या घरातून एवढाच अभिप्राय आला : "लेख तुम्ही लिहा, गाळ मी उपसते." दोन्ही पुरांनंतर तिने आणि सुनेने कोनाड्यांतला चिखल पळीने खरवडला होता. पुन्हा घर सोडायचे की नाही हा विचार मी त्या वाक्यापासून नव्याने केला, आणि या खेपेस तिला समोर बसवून केला. तिने 'सोडू' म्हटले असते तर वरची सगळी पाने मी फाडली असती. ती म्हणाली, राहू, पण चूल वर गेली पाहिजे.

शासनाने निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. कागदावरची शंभर वर्षे दोन पावसाळ्यांच्या अंतराने येऊन गेल्यासारखी आम्हांला वाटली, ती गोष्ट वेगळी. माझी मागणी एवढीच, की या रेषा माझ्या पडक्या भिंतीच्या परवान्याला जितक्या कडक लागतात, तितक्याच पलीकडच्या भरावाला लागाव्यात. ते होणार नसेल, तर मला उठवून रिकाम्या झालेल्या जागेवर उद्या कोणती इमारत उभी राहील, हे सल्ला देणाऱ्यांनी आजच सांगून टाकावे.

आमचे ठरले आहे ते असे. पडलेली भिंत मातीची न बांधता छातीइतकी दगडाची घ्यायची. सोप्याला परड्याकडे सरळ दार पाडायचे, म्हणजे पाणी आले तसे जाईल. विजेची बटणे डोक्याच्या वर, स्वयंपाक माडीवर, खाली हलवता येणार नाही अशी वस्तू ठेवायची नाही. इशाऱ्याची पातळी दिसली की आईला मेहुण्यांकडे पोचवायचे. त्यांच्या चौथ्या मजल्याचा एवढा उपयोग मला मान्य आहे. दुरुस्तीचा हिशेब फ्लॅटच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यातही जात नाही. धाकट्याचा निम्मा वाटा आहे आणि त्याचा होकार अजून यायचा आहे. मिस्त्री तुळशीच्या लग्नानंतर येतो म्हणाला आहे. तोवर धान्याची पिंपे माडीवरून खाली उतरवायची नाहीत.