पाडव्याची वही



आपले साल पाडव्याला बदलते. सालगड्याचा जुना हिशेब मिटतो, नवा ठरतो. सालगड्याने वर्षभरात किती उचल घेतली हे मालकाला पैशापर्यंत पाठ असते. त्याच मालकाला विचारा, बाबा, तुझ्या डोक्यावर एकूण देणे किती? तो आभाळाकडे पाहतो.

आम्हीही त्यातलेच. कृषी महाविद्यालयात ए-२, सी-२ असे उत्पादन खर्चाचे सगळे प्रकार घोकले, मार्कही मिळवले. घरच्या कोरडवाहू शेताचा हिशेब मात्र एकदाही मांडला नाही. पुस्तकातल्या शेतकऱ्याचा मांडला, बापाचा राहिला.

काही वर्षांपूर्वी एका घरी भेटीला गेलो होतो. कर्त्या माणसाने फवारणीचे औषध घेतले होते. सोसायटीचे कर्ज तेवढे बायकोला ठाऊक होते. कृषी केंद्राची उधारी, दोघांचे हातउसने आणि सावकाराचे देणे तिला तेरावे झाल्यावर कळले, तेही दारात येणाऱ्या माणसांकडून. कोणाचे खरे, कोणाचे फुगवलेले, हे तिने कशावरून ठरवायचे? घरात कुठे चिठ्ठीचा कपटाही नव्हता. "मला सांगितलं असतं तर," एवढेच ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

म्हणून यंदा पाडव्याला घरात शंभर पानी वही आणा. पहिल्या पानावर देणे लिहा. कोणाचे, किती, कोणत्या व्याजाने. ते बायकोसमोर, जाणत्या पोरांसमोर मोठ्याने वाचा. हे काम नांगरटीपेक्षा जड आहे, याची आम्हाला कल्पना आहे. पण महिना शेकडा पाचने घेतलेले पैसे म्हणजे सालाला शेकडा साठ होतात, हे कागदावर दिसले की आधी कोणते देणे फेडायचे ते सांगायला पंडित लागत नाही. २०१४ च्या सावकारी कायद्याने पैसे परत केल्याची पावती देणे सावकारावर बंधनकारक आहे. ती मागा आणि वहीत चिकटवा. विनापरवाना सावकाराने घशात घातलेली जमीन परत मिळवण्याची वाटही त्याच कायद्यात आहे, पण तिथे कागद बोलतो.

दुसऱ्या पानापासून खर्च लिहा. बियाणे, खत आपण धरतोच. घरच्या माणसांचे निंदण, डवरणी, वेचणी कोण धरतो? मायबहिणींचे दिवस मजुरीच्या दराने मांडा. ज्वारीचा कडबाही मांडा. नुसत्या दाण्यावर ज्वारी तोट्यात दिसते, म्हणून आपण ती मोडून सगळीकडे पऱ्हाटी केली. मग बैलांसाठी कडबा विकत आणला आणि तो पैसा कपाशीच्या खात्यात कधी टाकला नाही. दोन्ही पिके एका पानावर आली की मिरगाआधी पेऱ्याचा विचार वेगळा होईल.

वही लिहिल्याने भाव मिळत नाही. शेतकरी हिशेबी नाही म्हणून बुडतो, असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत आम्हाला बसवू नका. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७५२१ रुपये होता. त्या सालात तुमच्या घरी क्विंटलला काय पडले आणि व्यापाऱ्याने काय दिले, हे तुमच्या अक्षरात असेल तर साहेबासमोर बोलताना आवाज चढवावा लागत नाही.

आम्हाला उमेद का वाटते ते सांगतो. गेल्या पाडव्याला आमच्या काही कार्यकर्त्यांनी हे करून पाहिले. एकाने आठ दिवस हिय्या केला, मग सांगितले. बायको म्हणाली, निम्मे मला माहीतच होते, तुम्ही कधी बोलता याची वाट पाहत होते. तिने बचत गटातून पैसे उचलले आणि सगळ्यात महागडे देणे दिवाळीआधी फिटले. बाकीचे अजून आहे. पण तो माणूस रात्री झोपतो.

पाडव्यानंतरच्या जिल्हा बैठकीला वही घेऊन या. देण्याचे पान कोणाला दाखवू नका, ते घरचे आहे. खर्चाची पाने तेवढी आणा. आणि एकटे येऊ नका, जोडीने या. बायाबापड्यांच्या बसण्याची सोय पुढच्या रांगेत केली आहे.